धवला संपल्यावर तांदूळ

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कुणी नसतं. कोबा केलेली एक पडवी, डाव्या हाताला तुळस, उजव्या हाताला भिंतीला टेकवून उभी केलेली खाट. मागच्या पडद्यावर एके काळी भातखाचरं आणि त्यांच्या पलीकडे खाडी असणार. आता तिथे गोदामांची निळी छपरं आहेत आणि दोन छपरांमधल्या फटीत खाडीचा चमकता तुकडा उरला आहे. रस्त्यावरून कंटेनर जातो, फळीवरची भांडी किणकिणतात. मग आतून गाणं ऐकू येतं. आवाज आधी येतो, माणूस मागून. असा प्रवेश मिळावा म्हणून मी उभ्या हयातीत दिग्दर्शकांच्या किती विनवण्या केल्या असतील.

ठकुबाई बाहेर येतात. गुडघ्यापर्यंत लुगडं, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यांचा असतो तसा चष्मा आणि हातात लाकडी पळी. मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते याच वेशात. भिवंडीजवळच्या अंजूरमध्ये त्यांच्या घराशेजारी नवी इमारत झाली आहे. तिथल्या तिसऱ्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या गाण्यामागे जिना उतरून त्यांच्या पडवीत जाऊन उभी राहिले.

"कोन गो तू बाय?" त्यांनी चष्म्यातून विचारलं.

"वर राहायला आले. नाटकात होते पूर्वी. गाणं ऐकलं म्हणून आले."

"नाटकवाली हाय," त्यांनी आतल्या सुनेला ओरडून सांगितलं, आणि मला म्हणाल्या, "लांब उभी ऱ्हा. या पान्याचा थेंब उडला तर कातडी जलंल. मंग कंची नाटका करशील?"

तेव्हापासून मी त्यांची 'नाटकवाली बाय' आहे आणि ते लांब उभं राहणं फार दिवस टिकलं नाही.

ठकुबाई धवलारीण आहेत. आगरी लग्नात धवले म्हणणारी बाई ती धवलारीण. मांडव पडला की ती येते, बैठक मारते आणि गाण्यातून एकेकाला लग्नाचं बोलावणं करते. देवांना, पितरांना, वेशीला, खाडीला. हळद तिच्या गाण्याने लागते. धवला संपला की ती तांदूळ टाकते आणि मग बाकीचे टाकतात. अंजूरपासून कोनपर्यंतच्या पट्ट्यात आज ज्यांची नातवंडं कॉलेजात जातात, त्या बहुतेकांच्या डोक्यावर ठकुबाईंचे तांदूळ पडले आहेत. त्यांची चुलत सासू धवलारीण होती, तिने ठकुबाईंना तयार केलं. आमच्याकडे नटाला तालीम मास्तर लाभतो तसं.

आता हळदीला डीजे येतो. भिंतीएवढे स्पीकर, रंगीत दिवे, पहाटेपर्यंत नाच. ठकुबाईंनी त्याबद्दल रडगाणं गायलेलं मी कधी ऐकलं नाही. "पोरा नाचतान, नाचू दे. आमी बी नाचलेलो," एवढंच. पण आवाज बसू नये म्हणून रोज सकाळी कामं करताना एक धवला पूर्ण म्हणायचा, हा नेम त्यांनी सोडला नाही. रिकाम्या थिएटरात रियाज करणारी माणसं मी पाहिली आहेत. फार थोडी.

साबण आला तो सुनेमुळे. करिष्मा कोन गावची. लग्नानंतर बचत गटाच्या प्रशिक्षणाला गेली आणि घरी साबण करायला शिकून आली. चुलीवर न शिजवता करायचा साबण. खोबरेल, एरंडेल आणि दुसरं एखादं तेल एकत्र करायचं, त्यात कॉस्टिक सोड्याचं थंड झालेलं पाणी घालायचं आणि घोटत राहायचं. हळूहळू ते पिठल्यासारखं घट्ट होत जातं. मग लाकडी साच्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि महिनाभर वाऱ्यावर ठेवायच्या. सोडा आणायला सासू-सून पहिल्यांदा भिवंडीच्या बाजारात गेल्या तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "आंटी, ये नाली खोलने का है, मुँह धोने का नहीं." ठकुबाईंनी त्याला उत्तर दिलं होतं, "अरे बाबा, महिन्यानंतर आके मेरा मुँह देख." महिन्यानंतर त्या खरोखर गेल्या आणि त्याला एक वडी देऊन आल्या. आता तो मालाचे डबे रिक्षापर्यंत स्वतः आणून देतो.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग केसरीनाथच्या मुलीचं, पूर्वीचं, लग्न ठरलं.

केसरीनाथ समोरच्या तीन मजली घरात राहतो. मागची दोन गोदामं त्याची. त्याच्या स्वतःच्या लग्नात ठकुबाईंनी धवले म्हटले होते, त्याच्या आईला हळदही त्यांच्या चुलत सासूच्या धवल्यावर लागली होती. पूर्वीच्या हळदीला मात्र डीजे ठरला, तोही कल्याणचा, नाव असलेला. केसरीनाथ मनाने वाईट नाही. तो स्वतः पडवीत आला, खाटेवर बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "काकी, हळदीला येनाऱ्या बायकांना तुमचा साबनच द्यायचा. बाहेरची वस्तू नको. छान डब्यात घालून."

"आन् धवला?" ठकुबाईंनी विचारलं.

तो चहाच्या कपात बघत राहिला. "काकी, आथा पोरांना... टाइम नसतो ना."

ठकुबाईंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "मंग साबनावर माझे तांदूल असतीन."

"असू द्या की. भारीच दिसंल."

"आन् ते डब्यात गलाचे न्हाय. वडी घरी जाऊन मोरीत ठेवली तरी तांदूल वरती पायजेत."

"गळले तर मात्र सांगा हां वेळेवर," केसरीनाथ उठताना म्हणाला. "मी साबनाऐवजी मेणबत्त्या मागवीन. महिना आधी कळलं पायजे."

म्हणजे गोष्ट इतकी सरळ होती. पूर्वीच्या हळदीत ठकुबाईंचं गाणं जाणार नव्हतं. जाणार होते ते फक्त त्यांचे तांदूळ. आणि तेही चिकटले तर.

पहिला साचा मी खाटेवर बसून पाहिला. ठकुबाईंनी मूठभर तांदूळ हळदीत घोळवून पितळी वाटीत तयार ठेवले होते. करिष्माने मिश्रण घोटलं, साच्यात ओतलं, वरून पळीने सारखं केलं. ठकुबाई साच्यासमोर बसल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि धवला सुरू केला.

मी खरं सांगते, मी ते काम विसरले. साबण, सोडा, साचा, सगळं. ती बाई गात होती आणि मला मांडव दिसत होता.

"आई, टाका आता," मधेच करिष्मा म्हणाली. ठकुबाईंनी डोळ्यांनीच तिला गप्प केलं. धवला संपला, मग त्यांनी तांदूळ टाकले. चिमूट वर उचलून, बोटं उघडत, जसे नवरीच्या डोक्यावर टाकतात तसे.

दुसऱ्या दिवशी साचा उघडला तर पिवळे तांदूळ लाल झाले होते. कॉस्टिकला हळद लागली की ती लाल होते, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. करिष्माचा चेहरा उतरला. ठकुबाईंनी मात्र वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "बघ गो. हलदीचा कुकू झाला. पोर सासरी जाते तवा हाच तर होते." त्या खूश होत्या. मग करिष्माने सुरी घातली. सुरी वरून खाली आली आणि आपल्याबरोबर तांदूळ ओढत आली. उरलेले वडी हातात घेतल्या घेतल्या टपटप ओट्यावर पडले. वडीवर नुसते खळगे राहिले, देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखे.

ठकुबाईंनी सांडलेले तांदूळ एकेक करून वेचले.

मी वयाने मोठी, अनुभवाने मोठी, म्हणून सल्ला दिला. आमच्या कंपनीत मिशा चिकटवायला एक डिंक असायचा. तो लावला की मिशी दोन प्रयोग हलत नसे. नाही म्हणायला एकदा दरबारात महाराजांची डावी मिशी उतरली होती. महाराजांनी उरलेल्या उजव्या मिशीला पीळ देत फर्मान पूर्ण केलं आणि टाळ्या घेतल्या. हा किस्सा सांगून मी त्या बायकांना खूप हसवलं. पण डिंकाचं नाव काढताच करिष्मा म्हणाली, "मावशी, अंगाला लावायची वस्तू आहे."

"मंग कांजी," ठकुबाई म्हणाल्या. भिवंडीत एके काळी घरटी एक माणूस यंत्रमागावर होता. ठकुबाईंचा नवरा दौलत, आता हयात नाही, तो सूत मागावर चढवायच्या आधी त्याला कांजी लावायच्या खात्यात कामाला होता. कांजीने सुताचा तुटका धागासुद्धा ताठ उभा राहतो, हे त्यांनी पाहिलेलं. तांदळाची पेज आटवून त्यांनी ती वडीवर लावली, वर तांदूळ बसवले आणि वाळवले. दिसायला फार सुंदर. आठवड्याभरात साबणाला घाम आला आणि तो सगळा थर तांदळासकट भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा सुटून हातात आला. वर आंबूस वास.

"तुजा सासरा असता तर हसला असता," ठकुबाई सुनेला म्हणाल्या. "म्हनला असता, ठके, साबनाचा लुगडा विनतेस काय?"

आता दिवस कमी होते. साबण महिनाभर वाळायला हवा, म्हणजे पुढच्या आठवड्यात साचे भरले नाहीत तर मेणबत्त्या. करिष्माने एक दिवस ठकुबाई बाजारात गेलेल्या पाहून स्वतःच एक साचा केला. न गाता. ओतल्याबरोबर तांदूळ टाकले. मिश्रण अजून पातळ होतं. तांदूळ वर थांबले नाहीत, निम्मेअर्धे खाली बुडाले आणि वर तुरळक ठिपके राहिले. ठकुबाई परत आल्या आणि त्यांनी तो साचा पाहिला.

मला वाटलं आता वाजणार. नाटकात अशा ठिकाणी सासू पदर खोचते. ठकुबाई खाटेवर बसल्या, पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "धवल्याशिवाय टाकलेस?"

"आई, तुमचा धवला संपेपर्यंत वरती साय धरते," करिष्मा म्हणाली. ती रडवेली झाली होती, पण मागे हटली नाही. "साय धरली की तांदूळ वरच राहतो, आत बसत नाही. मग गळणारच. अर्धा धवला झाला की टाकायला पाहिजेत. नाहीतर शेवटचं कडवं सोडून द्या ना."

"सोडून देऊ?"

"साबणाला काय कळतंय, आई?"

"मना कलते," ठकुबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "अर्ध्यावर तांदूल टाकले तर निम्मे देव दारातच उभे ऱ्हातान. मी कंच्याबी लग्नात केलेला न्हाय."

मी माझं म्हणून सांगते, मला त्या क्षणी दोघींचंही पटलं. वेळ चुकली की प्रयोग पडतो, हे मला कळतं. आणि प्रेक्षक कंटाळले म्हणून शेवटचा प्रवेश कापणारे मालकही मी पाहिले आहेत. त्यांची नाटकं चालली, पण ती मला आठवत नाहीत.

पुढचे दोन दिवस पडवीतून गाणं आलं नाही. मी खिडकीतून बघत असे. ठकुबाई तुळशीपाशी बसून वाटीत काहीतरी घोटत असायच्या. साबणाचंच पिठलं, थोडंसं, नमुन्यापुरतं. पळीने रेघ ओढायच्या आणि बघत राहायच्या. रेघ लगेच बुजली की पुन्हा घोटायच्या. रेघ राहिली की बोटाने एक तांदूळ दाबायच्या. मग पुन्हा नवं पिठलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खालून हाक मारली. "नाटकवाले बाय, खाली ये. तुज्या कामाचा हाय."

मी गेले. करिष्मा तेल आणि सोड्याचं पाणी एकत्र करत होती. तिच्या हातात घोटायचं यंत्र घरघरत होतं.

"केसरीच्या लग्नाला," ठकुबाई मला सांगू लागल्या, "नवरा वेशीवर आडला. बेंजोवाले हालंना. मुहूर्त तर जवल आलेला. मंग मी काय केलाय? नवरा वेशीवर हाय तवाच बैठक मारली. तो दारात आला तवा माजा धवला अर्धा झालता, आन् मुहूर्ताला बरोबर तांदूल पडले. धवलारनीला उलटा मोजावा लागते. शेवट कवा कराचा हाय, त्याच्यावरशी सुरुवात कवा कराची."

"मग?"

"मंग मी येडी. साच्यात ओतला तो मुहूर्त धरला. तो मुहूर्त न्हाय गो. रेघ ऱ्हाते तो मुहूर्त हाय." त्या सुनेकडे वळल्या. "ती घरघर बंद कर आथा. हातान घोट."

करिष्माने यंत्र बाजूला ठेवलं, पळी घेतली; हाताने घोटलं की मिश्रण सावकाश आळतं. ठकुबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि धवला सुरू केला. मिश्रण अजून पातेल्यातच होतं. पहिल्या कडव्याला देव निघाले, करिष्मा घोटत होती. पुढे पितर निघाले, मिश्रण दाट होऊ लागलं. ठकुबाईंची नजर पळीवर होती. ऊन चढत होतं आणि साबण रोजच्यापेक्षा लवकर आळत होता. हे माझ्या लक्षात आलं ते त्यांच्या लयीवरून, कारण त्यांनी चाल उचलली. शब्द एकही गाळला नाही, फक्त देव जरा भराभर चालू लागले. वेशीच्या कडव्याला त्यांनी हाताने खूण केली आणि करिष्माने साचा भरला. खाडीचं बोलावणं झालं. शेवटची ओळ संपली तेव्हा करिष्माने वरून पळी फिरवली आणि ती रेघ राहिली.

ठकुबाईंनी तांदूळ टाकले. मग हातमोज्याच्या बोटांनी एकेक करून हलकेच दाबले, निम्मा आत, निम्मा बाहेर. कुणाच्या कपाळाला टिकली लावावी तसं.

दुसऱ्या दिवशी करिष्माने साच्यातली लादी काढून आडवी, कुशीवर ठेवली, म्हणजे सुरी तांदळांवरून न येता बाजूने यावी. ही युक्ती तिची. ठकुबाईंनी कापलेली वडी उचलली, उलटी केली, ओट्यावर आपटली. एक दाणा हलला नाही. पुन्हा आपटली.

"पुरे आता, आई, फुटेल," करिष्मा म्हणाली.

पुढचे सगळे दिवस पडवीत धवले चालले. साच्यामागून साचा. प्रत्येक साच्याला पूर्ण धवला, एक कडवंही कमी नाही. ठकुबाईंचा घसा बसला, तेव्हा मी त्यांना ज्येष्ठमध दिला, जो मी अजूनही सवयीने पर्समध्ये ठेवते. त्यांनी तो चघळला आणि गाणं पुढे नेलं. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका फाटकाशी थांबत. आमच्या इमारतीतल्या दोघी तर रोज खाली यायला लागल्या. बसायला मी वरून चटई आणली. माझ्या मनात आलं, तिकीट लावायला हरकत नाही.

महिना झाला. केसरीनाथ डबे न्यायला आला, बरोबर पूर्वीही होती. पूर्वीने एक डबा उघडला, वडी हातात घेतली आणि लाल तांदळांवरून अंगठा फिरवला. केसरीनाथने दुसरी वडी घेतली, हलवली, उलटी केली, आपल्या तळहातावर ठोकली. मग नखाने एक दाणा उचकटायचा प्रयत्न केला.

"काकी, लावलाय काय याला?"

"काय न्हाय."

"काय न्हाय कसा?"

"आजी प्रत्येक साच्याला धवला म्हणायच्या, बाबा," पूर्वी म्हणाली. "पूर्ण. आम्ही आमच्या गच्चीतून ऐकायचो. तुम्ही गोदामावर असता तेव्हा."

केसरीनाथने वडी पुन्हा डब्यात ठेवली, झाकण लावलं, परत काढलं. त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, त्याला स्वतःच्या लग्नातली वेस आठवत असावी. अडकलेले बेंजोवाले, आणि आतून येणारा आवाज.

"काकी," तो म्हणाला, "हळदीला या तुमी. डीजे चालू व्हायच्या आधी म्हना. दोन मिनिटं. एक कडवा म्हटला तरी चालंल, पूर्वीला बरा वाटंल."

ठकुबाईंनी उरलेले डबे पिशवीत भरले, पिशवीला गाठ मारली आणि ती त्याच्या हातात दिली.

"कडवा न्हाय, केसरी, पुरा धवला. तुजा डीजे कवा वाजाचा हाय तो सांग, मी त्याच्या आदी येऊन बसते."